भिंतीवर आलेलं मराठी

भिंतीवर मराठी आलं. मी कॉफीचा ट्रे घेऊन आत शिरले आणि समोर हातभर उंचीच्या अक्षरांत वाचलं, ‘दोन महिने म्हणायचं. खरे चार लागतील.’

तमिळ मुलखातल्या शोळिंगनल्लूरच्या त्या ऑफिसात मी कॉफी द्यायचे. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर हे काम धरलं. भिंतीवर जे यायचं ते नेहमी इंग्रजीत, आणि मी चौथी शिकलेली, त्यामुळे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाचता आलं.

भिंतीकडे पाठ करून ती मुलगी बोलत होती. सोलापूरची, वर्षभर झालं होतं येऊन. अख्ख्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिची नोकरी अजून कच्ची होती. हे काम मिळालं तर पक्की करतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. नाही झाली तर वडील परत नेणार होते, स्थळ बघून ठेवलं होतं. समोर एका मोठ्या दवाखान्याचे तिघे बसले होते, काम देणारे. साहेब त्यांच्या शेजारी, मान हातातल्या कागदात.

तिच्या कॉम्प्युटरला दोन पडदे होते. भिंतीवर लोकांनी बघायचं ते, आणि टेबलावर फक्त तिने बघायचं, तिच्या आठवणीसाठी लिहिलेलं. तो लिनक्सचा कॉम्प्युटर. मागचं कोणतं वायरीचं भोक भिंतीचं आणि कोणतं टेबलाचं, हे एका फायलीत लिहून द्यावं लागे. त्यात तिचे पंधरा दिवस गेले होते. कधी भिंत काळी, कधी टेबल काळं. जेवायची नाही, रडायची. साहेब सारखे मागे उभे राहून तिच्या पडद्यावरचं वाचायचे, म्हणून मीच तिला म्हटलं होतं, “तुझं तू मराठीत लिही ना. इथे कोणाच्या बापाला वाचता येतंय?”

आता ते मराठी भिंतीवर होतं आणि लोकांचं इंग्रजी तिच्या टेबलावर. ती गोंधळून बटणं दाबत होती. तिला वाटत होतं, आपलं टिपण उघडलंच नाही. प्रत्येक बटणाला भिंतीवर पुढचं पान यायचं. ‘चाचणी झालेली नाही. विचारलं तर विषय बदल.’

मी ट्रेसकट प्रोजेक्टरच्या उजेडात जाऊन उभी राहिले. अक्षरं माझ्या पदरावर आली.

“अम्मा, तळ्ळी निल्लुंगा!” साहेब ओरडले. बाजूला व्हा म्हणून.

मी हलले नाही. “पोरी, मागे बघ. तुझं सगळं भिंतीवर आलंय.”

तिने मागे बघितलं. “मावशी,” एवढंच म्हणाली. मग टेबलावर वाकून भराभर काहीतरी टाइप करायला लागली. एकेक अक्षर चुकत होतं, पुसून पुन्हा लिहीत होती. फाईल बदलून सगळं बंद करून परत चालू करायला वेळ लागतो, हे मलाही माहीत होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि प्रोजेक्टरची पिन भिंतीतून उपटली.

तिघांपैकी दोघे तमिळ, त्यांना काही कळलं नव्हतं. तिसरा टकला, उत्तरेकडचा. तो इतका वेळ ओठ हलवत वाचत होता.

“बेटी,” तो म्हणाला, “दो महीने या चार? दीवार पर तो चार लिखा था.”

साहेबांनी त्याला विचारलं, काय लिहिलं होतं, आणि त्याने इंग्रजीत सगळं सांगितलं. कॉफी तशीच राहिली.

ते गेल्यावर मी टेबलाखाली बसले आणि कॉम्प्युटरच्या मागे बघितलं. कुंकवाचं बोट अजून तसंच होतं. दोनच दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, ऑफिसातलं प्रत्येक यंत्र पुसून गंध-कुंकू लावतात, आणि ते काम माझ्याकडे असतं. मी वायरी काढल्या, मागची धूळ पुसली, वायरी परत लावल्या. भोकं दोन, अगदी सारखी. कोणती वायर कुठल्या भोकात होती ते मी बघितलं नव्हतं.

मी तिला जिन्यात गाठून सांगितलं. ती पायरीवर बसली.

“मी सकाळी एकदा लावून बघायला हवं होतं,” ती म्हणाली. “मावशी, साहेबांना सांगू नका. तुमचंही काम जाईल.”

“वायर मी बदलली ना?”

“वायर तुम्ही बदलली. लिहिलं मी. ते वायरीवर चिडलेले नाहीत.”

खरं होतं ते. दोन महिने म्हणायला साहेबांनीच सांगितलं होतं, पण चार लागतील हे तिने लिहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी तिला आत बोलावलं. दार बंद होतं तरी आवाज बाहेर येत होता. ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी कप धूत होते. उठून आत जावं, दार ठोठावावं, सांगून टाकावं असं वाटलं. हात पुसलेसुद्धा. गेले नाही. घरी मला खायला घालणारं कोणी नव्हतं.

ती सोलापूरला परत गेली. मी त्या ऑफिसात आणखी सहा वर्षं कॉफी दिली.