लहानूभाऊचा पेला आणि तिसरा सिलिंडर

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी लहानू गेडाम व्हॅनची पुढची सीट उचलून आत डोकं घालून बसला होता. या जुन्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं. लहानूच्या कानाला हातभर लांबीचा पोकळ बांबू होता, बांबूचं दुसरं टोक चालू इंजिनावर टेकलेलं होतं आणि शेजारी एअर क्लीनरच्या झाकणावर अर्धा भरलेला स्टीलचा पेला होता.

पेल्यातलं पाणी बारीक थरथरत होतं. तेवढं चालतं. पण दर दोन सेकंदांनी त्यात एक मोठा तरंग उठायचा आणि बांबूतून 'धप्प' ऐकू यायचं.

"तिसरा सिलिंडर मिस करून राह्यला," लहानू स्वतःशीच म्हणाला आणि कार्बोरेटरचा स्क्रू त्यानं आणखी पाव फेरा फिरवला. सकाळपासूनचा हा एकोणिसावा पाव फेरा.

मूल गावातल्या राइस मिलला लागून असलेल्या टपरीत लहानूनं सतरा वर्षं पंक्चर काढली. ट्यूबमधलं भोक तो पाण्यात न बुडवता नुसत्या कानानं शोधतो. इंजिनाची ट्यूनिंगही कानानंच जमेल, असं त्याला वाटलं ते यामुळे. धूर मोजून ट्यूनिंग बरोबर आहे का ते सांगणारं मशीन त्यानं चंद्रपुरात पाहून ठेवलं होतं. पण बायको रंभाची अट होती : "पहिले कान, मंग मशीन. तीन गाड्या देते. एकही जमली नाई, तर मशीनचं नाव काढाचं नाई."

पहिली गाडी ट्यूनिंगनंतर उतारावर तेवढी छान चालली. दुसरी हॉर्न वाजवला की बंद पडू लागली. ही तिसरी, गोपालची.

साडेबाराला गोपाल आला. अहेरीच्या बाजाराला माणसं नेण्याचा त्याचा धंदा.

"लहानूभाऊ, गाडी दुरुस्तीले देल्ली होती, भरती नोती केली. पेल्यात काय, सलाइन हाय का?"

"गोपालभाऊ, चूप बसा. आयकून राह्यलो."

"काय म्हंते?"

"आज बोलत नाई नीट."

पावणेएकला रंभा डबा घेऊन आली. तिनं पेला पाहिला, नवऱ्याचा काळवंडलेला कान पाहिला. "अवो, बंद करा ते. जेवताना तरी शांती पायजे."

लहानूनं चावी फिरवली. इंजिन थांबलं. तिघं जेवायला बसले. भाकरीचा पहिला घास तोंडात घालताना लहानूची नजर पेल्याकडे गेली आणि घास तसाच राहिला.

पाण्यात तरंग उठला. दोन सेकंदांनी आणखी एक.

"काऊन वो, बंद गाडीचा सिलिंडर बी मिस करते का?" रंभानं विचारलं.

लहानूनं बांबू इंजिनावर टेकवला. धप्प. मग जमिनीवर टेकवला. धप्प. मग भिंतीवर. भिंतीतून तर छानच ऐकू आलं. भिंतीपलीकडे मिलची धान चाळायची मोठी चाळणी हलत होती.

गोपाल हसता हसता लोणच्यात हात घालून बसला. "भाऊ, तुमी सकाळपासून मिल ट्यून करून राह्यले!"

एक वाजता मिलची जेवणाची सुट्टी झाली. चाळणी थांबली, पाणीही थांबलं. लहानूनं डबा बाजूला सारला. इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला, मग पाव पाव फेरा पुढेमागे केला. यावेळी पाण्यात नुसती बारीक थरथर होती. मोठा तरंग नव्हता. सगळं मिळून बावीस मिनिटं लागली.

रंभानं पेला दोनदा वाकून पाहिला. गोपालला हॉर्न वाजवायला लावला. गाडी बंद पडली नाही.

"पास," ती म्हणाली. "आना मशीन. पन इथी मिलच्या बाजूलेच ठेवसान, तर ते बी बिचारं येडं होईन."

"टपरी हलवू?"

"टपरी काऊन? टाइम हलवा."

दोन वाजता मिल पुन्हा सुरू झाली. तोवर लहानूनं शटरवर खडूनं नवी वेळ लिहून टाकली होती. मिल रोज सकाळी नऊला सुरू होते. उद्या लहानूचं शटर साडेसहाला उघडेल.