करंगळी दाखवून

काही माणसं अख्ख्या संस्थेला वाट दाखवून जातात. मुकुंद सोहोनींनी योकोहामातल्या टेकडीवरच्या एका अमेरिकन हायस्कूलला जी वाट दाखवली, ती दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या वर्गातून निघून डावीकडे वळत होती आणि तीस पावलांवर संपत होती. तिथे स्वच्छतागृह होतं.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी वसुधावहिनींचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघालो होतो आणि हातात कचऱ्याची पिशवी होती. योकोहामात तो जाळायचा कचरा बाहेर ठेवायचा वार होता. "अहो नाईक, हे गेले," त्या म्हणाल्या, आणि मग कसे गेले ते आवाज न चढवता सांगत राहिल्या. सोहोनींच्या जुन्या शाळेत समारंभ होता. प्रमुख पाहुणे शिस्तीचं महत्त्व सांगत होते. सोहोनी कुठल्याही भाषणात वीस मिनिटांच्या वर बसत नसत. त्यांनी शेजारी बसलेल्या वहिनींना करंगळी दाखवली आणि ते उठून गेले. वहिनींनी जागा जाऊ नये म्हणून त्यांच्या खुर्चीवर पर्स ठेवली. ते नेहमीच उठून जात, त्यामुळे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही... व्हरांड्यातल्या बाकावर शिपायाला ते दिसले तेव्हा आत भाषण चालूच होतं. मी फोन ठेवला, स्टेशन गाठलं, गाडीत चढलो. टोकियोला उतरल्यावर लक्षात आलं की कचऱ्याची पिशवी हातातच आहे. तेव्हापासून माझंही बूड कुठे टेकत नाही. काहीतरी जागच्या जागी ठेवायचं राहिलंय असं वाटत राहतं.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पुण्यामुंबईचे इंजिनियर जपानी प्रोजेक्टवर जथ्याने येत होते. नवऱ्याला कंपनीचं पत्र, बायकोच्या व्हिसावर 'अवलंबित' असा शिक्का. सोहोनींच्या घरी हे उलटं होतं. वहिनी एका बँकेच्या प्रोजेक्टवर मॅनेजर होत्या आणि वीस वर्षं शाळेत गणित शिकवून आलेले सोहोनी अवलंबित. आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचे. पहिल्या भेटीत लिफ्टमध्ये त्यांनी ओळख करून दिली, "मी सोहोनी. मी डिपेंडंट आहे, सांभाळून घ्या." लिफ्ट तीन मजले जाईपर्यंत त्यांनी दोनदा जागा बदलली. बसणं हा प्रकार त्यांना जमतच नसे. गाडी रिकामी असली तरी उभे राहत, चहा फेऱ्या मारत पीत. वर्षभरात त्यांनी इमारतीतल्या सगळ्या मराठी बायकांना कुठली बाटली कुठल्या वारी टाकायची ते शिकवलं, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्या अमेरिकन शाळेत रजेवर गेलेल्या गणिताच्या बाईंच्या जागी लागले. माझी मुक्ता त्याच शाळेत नववीत होती. पुण्यात आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी लिहिता येणारी पण बोलताना अडणारी.

शाळेच्या दारावर पितळी अक्षरांत लिहिलं होतं की इथे उद्याचे नेते घडतात. या नेत्यांना तास चालू असताना बाहेर जायचं असेल तर एका सत्रात तीन कुपनं मिळत. कुपन द्यायचं, वर्गातली लाकडी पाटी घ्यायची आणि ती हातात धरून, साऱ्या शाळेला दिसेल अशी, जाऊन यायचं. पाटी हातभर लांब, पिवळी, आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं: 'पाच मिनिटांत परत करावी.' जो विद्यार्थी कुपनं वापरणार नाही त्याला सत्राच्या शेवटी दर कुपनामागे दोन मार्क जादा. जगाचं नेतृत्व करायला मूत्राशय मोठं लागतं, असा काहीसा विचार यामागे असावा.

मुक्ताने पहिल्याच आठवड्यात, इतिहासाच्या तासाला, पुण्याच्या सवयीने उभं राहून करंगळी दाखवली. अमेरिकन बाईंना वाटलं मुलगी त्यांच्याकडच्यासारखी करंगळीत करंगळी अडकवून कसली तरी शपथ घेतेय. त्यांनी कौतुकाने आपलीही करंगळी पुढे केली. जपानमध्ये वाढलेली मुलं मात्र बाकावर डोकी ठेवून हसायला लागली, कारण इथे करंगळी वर केली की अर्थ होतो 'बाई', आणि तोही बहुतेक वेळा घराबाहेरची. मुक्ता खाली बसली. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला कळलं ते एवढंच, की पहिल्या सत्रात तिला सहा मार्क जादा मिळाले. मी तिला शाब्बास म्हटलं. पुण्याला आईला फोन करून सांगितलं. बायको मात्र दोनदा म्हणाली होती, "अहो, हिची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते." मी म्हटलं, थंडी आहे.

दुसऱ्या सत्रात तिला ताप भरला. मूत्रमार्गात संसर्ग, पोटात कळा. दवाखान्यात डॉक्टरांनी जपानीत काहीतरी विचारलं. जपानी येणाऱ्या वहिनी सोबत आल्या होत्या, त्यांनी सांगितलं, "दिवसभरात पाणी किती पितेस, विचारतायत." मुक्ता माझ्याकडे पाहत म्हणाली, "शाळेत नाही पीत, बाबा. मग जायला लागत नाही." मी विचारलं, कुपनं होती ना? ती म्हणाली, "तुम्हीच तर शाब्बास म्हणालात."

संध्याकाळी सोहोनी स्टेशनवर भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं, तक्रार करायच्या सुरात, म्हणजे शाळेविरुद्ध. ते प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेघेच्या कडेकडेने चालत होते, मी मागे. "तुम्ही कौतुक केलंत?" ते थांबले. "केलं." "मीही केलं असतं," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. मग कधी नव्हे ते स्वतःबद्दल बोलले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी वर्गात तपासणीला साहेब आले होते. सहावीतल्या एका मुलीने करंगळी दाखवली. साहेबांसमोर वर्ग शिस्तीत दिसावा म्हणून सोहोनी म्हणाले, बस खाली. ती बसली. थोड्या वेळाने बाकाखाली ओघळ आला. साहेबांनी शेरा लिहिला, वर्ग अत्यंत शिस्तबद्ध. "पुढे दोन वर्षं ती माझ्याच वर्गात होती, नाईक. पुन्हा एकदाही करंगळी वर केली नाही तिने..." आमची गाडी आली आणि गेली. ते चढले नाहीत, म्हणून मीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातली पाटी खिळ्याला टांगून ठेवली आणि मुलांना सांगितलं, माझ्या तासाला कुपन नको, पाटी नको, विचारायचंही नाही. करंगळी दाखवा आणि जा. आमच्याकडची पद्धत आहे. पहिली करंगळी त्यांनी स्वतः दाखवली, उगाचच, आणि जाऊन आले. आठवडाभर मुलं नुसती ये-जा करत होती. मग त्यांना कंटाळा आला आणि ज्याला खरोखर जायचंय तोच जाऊ लागला. शाळेच्या ऑफिसातल्या ओकादा-सान एकदा तोंडावर हात धरून त्यांना म्हणाल्या, "सोहोनी-सान, या खुणेचा इथे अर्थ वेगळा होतो." सोहोनींनी अर्थ ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग तर लगेच सोडायला हवं, कोणीतरी वाट पाहत असेल."

मुक्ता बरी होऊन परत गेली ती आधी घाबरतच. गणिताच्या तासाला पहिल्यांदा तिने करंगळी दाखवली तेव्हा कोणी हसलं नाही. निम्म्या वर्गाची तीच सवय झाली होती. त्या दिवशी बाटली रिकामी आली. बायकोने ती मला उलटी करून दाखवली. मग सोहोनी मुक्ताच्या मागे लागले, "लिही." "काका, माझं इंग्रजी..." "इंग्रजी मी तपासतो. माझंही वाईटच आहे, कोणाला कळणार नाही." शाळेतल्या मुलांच्या वर्तमानपत्रात, कॅन्टीनमधल्या बटाट्यांबद्दलच्या तक्रारीखाली, तिचा लेख आला. मथळा होता, 'मी पाणी प्यायले नाही, मला सहा मार्क मिळाले.' लेखात बाईंबद्दल वाईट शब्द नव्हता. माझ्याबद्दल एक वाक्य होतं: माझ्या बाबांना फार आनंद झाला. ते मी अनेकदा वाचलं आहे.

लेखाचा परिणाम असा झाला की समिती नेमली गेली. समितीचं नाव पाच शब्दांचं होतं. पालक म्हणून मी एका बैठकीला गेलो. मुख्याध्यापक पडद्यावर आकृत्या दाखवत स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांचा समतोल समजावत होते. विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेतून सोहोनींनी करंगळी वर केली आणि ते बाहेर गेले. मग विद्यार्थी प्रतिनिधी गेली. मग ओकादा-सान, हसू दाबत. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर व्हरांड्यात आम्ही चौघं उभे होतो आणि कोणालाच खरं तर जायचं नव्हतं. चार महिन्यांनी कुपनं आणि मार्क दोन्ही बंद झाले. अहवालात असं म्हटलं होतं की हा निर्णय समितीने सखोल विचाराअंती घेतला.

वहिनींचं प्रोजेक्ट संपलं, ते दोघं परत गेले. निरोपाला मुलांनी सोहोनींना ती पिवळी पाटी सह्या करून दिली. मुक्ताने सही केली नाही, मागच्या बाजूला एक करंगळी काढली. चित्रकला तिला कधीच येत नव्हती. ती शेंगेसारखी दिसते.

गेल्या आठवड्यात पुण्याला गेलो तेव्हा वहिनींकडे जाऊन आलो. पुढच्या खोलीत सोहोनींच्या फेऱ्यांनी फरशीवर एक फिकट पट्टा पडलाय. मी त्यावरूनच फिरत होतो. "बसा हो नाईक," वहिनी म्हणाल्या, "आता मला कोणीतरी बसलेलं बघू द्या." मी बसलो. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत ती पाटी खोचलेली होती. मी त्यांना विचारलं, शाळेत ती पाटीची पद्धत पुन्हा सुरू झाली ते सोहोनींना कळलं होतं का? कारण ती झाली होती, दोनच वर्षांत, नवे मुख्याध्यापक आल्यावर. "मुक्तानेच कळवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "दिवसभर फेऱ्या घातल्या. संध्याकाळी म्हणाले, या वेळी पाटी प्लास्टिकची आहे म्हणे, धुता तरी येईल."

निघताना मी पाटी काढून हातात घेतली. दार लगेच आपटलं. पुन्हा खोचून ठेवली. 'पाच मिनिटांत परत करावी' ही अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात. सोहोनींकडे ती सतरा वर्षं होती.