तळपायातला मुक्काम

धुकं असं दाटलं होतं की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते, गाडी नाही. तरी ब्रेकबाईंनी ड्रायव्हिंग क्लासची छोटी गाडी चढावर आणून उभी केलीच. स्टिअरिंगला मिठी मारून बसल्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

"हाफ क्लच धरा. दाढ उपटताना हात कापत नाही, गिअरला कसला कापतोय?"

"दाढ मागे घरंगळत नाही हो बाई!"

गाडी घरंगळलीच. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो दुसरा ब्रेक. त्यावरूनच लोकांनी त्यांचं हे नाव पाडलं होतं.

नवरा अपघातात गेला तेव्हा बाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीत बसणं त्यांनी सोडलं. पायाशी ब्रेक नसला की पाय आपला आपण गाडीचा तळ दाबू लागे. मेलेली माणसं कुणाच्या स्वप्नात येतात. बाईंच्या नवऱ्यानं तळपायात मुक्काम ठोकला होता.

आता लेकाला गाडी घ्यायची होती. डोळ्यांत दोन भरल्या होत्या: एक बुटकी स्पोर्ट्स कार, दुसरी उंच, धिप्पाड एसयूव्ही. पळायला दोघी एकीला झाकावी नि दुसरीला काढावी अशा.

"तू जिच्यात पाय न दाबता बसशील ती घेतो," तो म्हणाला होता. "बाबा गेले आई, तू नाही. माझ्या शेजारी कधी बसणार आहेस का नाही?"

या प्रश्नानं बाईंची झोप उडवली होती. म्हणून दुपारी त्या लेकाबरोबर शोरूमला गेल्या, दोन्ही गाड्या फिरवून बघायला.

आधी बुटकी. "मेल्या, ही गाडी आहे का अंगात घालायचा सदरा?" म्हणत बाई कशाबशा आत उतरल्या. रस्त्यावरचा खडा न खडा मणक्यात वाजत होता. लेकानं जरा वेग घेतला, तशी बाईंनी तळ इतका दाबला की पायाखालचं मॅट सरकलं.

"आई, पाय!"

"त्याला सांग. माझं ऐकतोय कुठे?"

मग उंच गाडी. दार लागलं आणि जगाचा आवाजच बंद झाला. सोफ्यावर बसल्यासारखं. दुकानं, झाडं हळूच मागं जात होती. लेकानं विचारलं, बैठकीच्या खोलीला पडदे कोणते लावायचे? पिवळे नकोत, बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी खाली पाहिलं. पाय गप्प होता.

"बघ!" लेक खुलला. "ठरलं मग!"

बाईंची नजर वेगाच्या काट्यावर गेली. काटा नव्वदच्या पुढे होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. अपघाताच्या दिवशीही असंच. मित्राकडून मागून आणलेली मोठी गाडी, अशीच शांतता, अशाच घरगुती गप्पा. पाय झोपलेला. ब्रेक नव्हता, कबूल. पण "अहो, हळू!" एवढं तरी म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण काही कळलंच नाही.

आता तळपाय रिकामा होता. मग ते गेले कुठे? मागच्या सीटवर कुणीतरी हलकंच बूड सावरून बसल्यासारखं झालं. बाईंना मागं वळून बघवेना.

"थांबव," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

लेकानं गाडी कडेला घेतली.

"बुटकी घे."

"अगं, तिच्यात तर तुझा जीव मुठीत..."

"असू दे मुठीत. तू किती पळवतोस ते मला कळलं पाहिजे. मी बसेन शेजारी. पाय दाबेन, वर शिव्या देईन. चालतंय?"

लेकानं मान हलवली. नाक पुसलं त्यानं. "रोज?"

"रविवारी. बाकीचे दिवस क्लास असतो."

क्लासवर परतल्या तर छोट्या गाडीचं मागचं चाक बसलेलं. बाईंनी बाह्या सरसावल्या, डिकीतून पाना काढला आणि नट सैल करायला घेतले.