दोन अक्षरांमधली गप्प खूण

मला जन्मापासून दिसत नाही. नववीत असताना मामांनी त्यांचा जुना लॅपटॉप दिला, त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा आवाज होता. वरवट बकालच्या आमच्या घरात त्या आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती. गणिताचे सर माझ्यासाठी मुद्दाम सराव टाइप करून पाठवायचे, मी ऐकायचे आणि उत्तरं लिहून परत पाठवायचे.

संच हा धडा सुरू झाला आणि माझं सगळं बिघडलं. वर्गात सर फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचे, ते मला नीट समजायचं. घरी मात्र निम्मी उत्तरं बरोबर, निम्मी चूक. सरांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, की मी अंदाजानं तर सोडवत नाही ना. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. दहावीला गणित झेपणार नाही, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

एका रविवारी सकाळी बाबा ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसून चुकलेलं एक गणित पुन्हा ऐकत होते. संच A मध्ये दोन, चार, सहा. मग आवाज म्हणाला, "पाच A. सत्य की असत्य?" पाच तर A मध्ये नाही, म्हणून मी असत्य लिहिलं होतं. सरांच्या मते उत्तर सत्य होतं.

चिडून मी बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर ऐकायला लागले. पाच. मोकळी जागा. मग काहीच नाही. पुन्हा मोकळी जागा. A. मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. दोन मोकळ्या जागांच्या मधे आवाज दर वेळी गप्प होत होता.

बाबांना म्हटलं, पाच आणि A च्या मधे काय आहे ते बघा. त्यांनी हात पुसले आणि पडद्याजवळ वाकले.

"मधात काहीतरी हाय," ते म्हणाले. "इंग्रजी ई सारखं, पण पाठीकून गोल. अन् वरून तिरपी काडी मारेल हाय."

मी तळहात पुढे केला. मेथीचा वास असलेल्या बोटानं त्यांनी आधी अर्धगोल काढला, मधे आडवी रेघ ओढली आणि मग सगळ्यावरून एक तिरपी रेघ. ती खूण मला तेव्हा पहिल्यांदा कळली. मग त्यांनी आधीची गणितं पाहिली. काही ठिकाणी काडी होती, काही ठिकाणी नव्हती; जिथे काडी होती, तिथलीच माझी उत्तरं चुकली होती. मला दोन्हीकडे सारखीच शांतता ऐकू आली होती, आणि दर वेळी मी 'आहे' असंच धरून चालले होते.

बाबांनी लगेच सरांना फोन लावून माझ्या हातात दिला. सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुले ते ऐकूच येत नव्हतं. गणित तर तुले येते."

मी फोन धरून रडले. आई घाबरून बाहेर आली, तेव्हा बाबांनीच तिला समजावलं, की काही झालेलं नाही, चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप शाळेत नेला. आवाजाच्या सेटिंगमध्ये, कुठलं चिन्ह आलं की काय बोलायचं, हे आपल्याला लिहून ठेवता येत होतं. सरांनी ∈ पुढे 'हा घटक आहे या संचाचा' आणि ∉ पुढे 'हा घटक नाही या संचाचा' असं लिहिलं. मग मला बटण दाबायला सांगितलं.

"पाच हा घटक नाही या संचाचा A. सत्य की असत्य?"

"सत्य," मी म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन मी सराव उघडलाच नाही. ओसरीवरच्या बाजेवर आडवी झाले आणि दिवेलागणीला आईनं उठवेपर्यंत गाढ झोपले.