लिंबाला दिलेला ताण

मी जन्मभर शिंपीकाम केलं. हातात कापड असलं की डोकं चालतं. नसलं की ते कुठे जातं, कोण जाणे.

आम्ही मुलाकडे राहायला आलो तेव्हा बायकोनं एक ट्रंक आणि पिंपात वाढवलेलं लिंबाचं झाड तेवढं आणलं. इथली हवा कोरडी, अंगण तव्यासारखं तापलेलं. बागेचं मी मनावर घेतलं. खडूनं रेघा आखून, काजांसारखी सारख्या अंतरावर वांग्याची रोपं लावली. त्यातल्या रेघा तेवढ्या टिकल्या.

लिंबू जगलं. मी रोज बादलीभर पाणी घालायचो, पानं हिरवीगार, पण फुलाचा पत्ता नाही. बायको माळ्याची मुलगी, पण इथे आल्यापासून तिनं झाडाकडे बघणंच सोडलं होतं. ट्रंकही उघडेना. "झाडालाच करमत नाही, मला काय करमणार?" म्हणाली. भावाकडे निघून जायचं तिनं सुनेजवळ बोलून दाखवलं, तेव्हा मी पायांत चपला सरकवल्या.

रोपवाटिकेत गेलो. गिऱ्हाइकं संपेपर्यंत खांबाआड उभा राहिलो, मग विचारलं. मालक हातातला पाइप न सोडता म्हणाला, "काका, चांगला ताण द्या. फुलं येतील."

ताण! उभ्या जन्मात मी दुसरं केलं काय? कापड ताणून धरल्याशिवाय शिलाई सरळ येत नाही. आणखी विचारायची गरज वाटली नाही. खरं तर धीर झाला नाही.

घरी येऊन फांदीफांदीला सुतळी बांधली आणि टोकं कुंपणाला आवळली. झाडाला त्रास नको म्हणून एक बादली पाणी जास्तच घातलं. सुनेनं सुतळीवर दोन फडकी वाळत घातली. बायको बाहेर आली.

"अहो, हे काय?"

"ताण दिलाय."

ती मटकन पायरीवर बसली. मला वाटलं, चक्कर आली. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झाडाला ताण देणं म्हणजे त्याचं पाणी तोडणं, हे तिनं हसता हसताच सांगितलं. मी बादली पाठीमागे सरकवली.

मग तिनं सुतळ्या सोडल्या आणि कारभार हाती घेतला. मला बादलीला हात लावायची बंदी. पानं मरगळली, तसा मीही मरगळलो. चोरून तांब्याभर पाणी घालायला गेलो आणि पकडला गेलो. पुढे तिनंच वेळ बघून पाणी सोडलं, आणि एका सकाळी फांद्यांवर कळ्या दिसल्या.

त्याच सकाळी ट्रंकेची कडी वाजली. पडद्याचं कापड माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, "खिडकीचं माप घ्या. आणि ताण जरा बेतानं द्या."