दाबल्यावर येतो की सोडल्यावर?

आमच्या मिस्टरांचं सेलूत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान. जीव मात्र अडकलेला एका जुन्या, दोन माणसांच्या, उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये. हैदराबादहून ती टेम्पोत घालून आली, निम्मी पोत्यांमध्ये. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ती वर्षानुवर्षं जोडली. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मला भाकरी टाकताना हाताला धरून बाहेर नेलं, म्हणाले, "ऐक." मला सगळी इंजिनं सारखीच. त्यांना आवाजात दुखणं कळायचं. रस्त्यावरून कुणाचा ट्रॅक्टर गेला की जेवता जेवता सांगायचे, "ह्याचा पंप गेलाय बग."

म्हणून त्या दिवशी मला नवल वाटलं. बहिणीकडून त्याच गाडीतून परत येत होतो. ते गिअर बदलायचे तेव्हा त्यांच्या पायाखालून कुरकुर यायची.

"अहो, क्लच दाबला की आवाज यायलाय."

"कसला आवाज? काय न्हाई."

"आता बी आला की."

त्यांनी पुन्हा पेडल दाबलं, माझ्याकडं बघितलं. "न्हाई गं. तुला भास होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीखाली शिरले आणि मला सीटवर बसवलं. "दाब. सोड. दाब." मला वर बसून स्पष्ट ऐकू येत होतं. ते बाहेर आले आणि कितीतरी वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. अलीकडं ते फोनवर सारखं "रेंज न्हाई" म्हणायचे, गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचे. मी ते दुकानातल्या गलक्यावर ढकललं होतं. त्या सकाळी दोघांनाही कळलं.

मग ते म्हणाले, "तू ऐक. मी दाबतो."

त्यांनी मला लांब स्क्रू ड्रायव्हर दिला. टोक लोखंडाला लावायचं, मूठ कानाला. आधी इंजिन बंद ठेवून पेडल दाबलं.

"कसा येतो?"

"कोरड्या बिजागरीवानी. वरच, पेडलपाशी."

त्यांनी पेडलच्या खिळीला तेल सोडलं. ती कुरकुर गेली. मला वाटलं, संपलं. पण इंजिन सुरू केल्यावर खालून दुसराच आवाज आला, जाडाभरडा. मी हात वर केला.

"दाबल्यावर येतो की सोडल्यावर?"

"पाय टेकला की सुरू. सोडला की बंद. जात्यात खडा आल्यावानी."

इंजिनच्या घरघरीत ते माझ्या ओठांकडं बघत होते. मला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"मंग क्लचचं रिलीज बेअरिंग! गिअरबॉक्स असता तर सोडल्यावर वाजला असता." त्यांनी तळहात खालच्या लोखंडावर ठेवला, डोळे मिटले आणि थरथर हाताला कळते का ते बघत बसले.

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नसच वाळत चालली आहे. मशीननं थोडाफार फरक पडेल, पुढं तोही नाही. सगळे प्रश्न मीच विचारले. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "बेअरिंग हैदराबादला मिळंल."

मिळालं. आमच्या दुकानातल्या माणसाला हाताशी घेऊन त्यांनी साखळीनं इंजिन वर उचललं, जुनं बेअरिंग काढून नवं बसवलं. इंजिन सुरू करून पेडल दाबलं आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"नक्की?"

"आता कायच येत न्हाई."

तरी ते दाबत राहिले, आणि दर वेळी माझ्याकडं बघत राहिले. मी हसून मान हलवत होते. हसणं थांबवलं असतं तर त्यांना वाटलं असतं आवाज अजून आहे.

आठवड्यानं आम्ही पाथरीच्या रस्त्याला निघालो. मागून उसाचा ट्रक हॉर्न वाजवत आला. ट्रक अगदी अंगावर आला तरी हे मधूनच चालले होते. मी त्यांची बाही ओढली. गाडी कडेला कापसाच्या रानात उतरली, ट्रक शिव्या घालत गेला. त्या शिव्याही त्यांना ऐकू गेल्या नाहीत.

"हॉर्न वाजवला होता का त्यानं?"

"लय वेळ वाजवत होता."

त्यांनी गाडी रानातून बाहेर काढली. हळूहळू घरी आणली आणि शेडमध्ये लावून बॅटरीची वायर काढून ठेवली.

उन्हाळ्यात हैदराबादचा एक शौकीन माणूस गाडी विकत घेऊन न्यायला आला. ह्यांनी त्याला सगळं समजावलं: चोक कधी ओढायचा, दुसरा गिअर थंडीत कसा अडतो. तो विचारायचा ते मी ह्यांच्या समोर उभी राहून सावकाश पुन्हा म्हणायची. निघताना त्यानं ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

गाडी गल्लीच्या वळणाआड गेली तसे हे आत निघून गेले. मी फाटकापाशीच उभी राहिले. रेल्वेच्या पुलापर्यंत ती मला ऐकू येत होती. गिअर बदलला तेही कळलं. मग आत जाऊन चहा टाकला.