उपाशी वाकळ

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी आष्ट्याजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा घरात माझ्या लायकीचं एकही पद शिल्लक नव्हतं. ऊस भाऊ बघत होता, घर बायको बघत होती आणि त्या दोघांना आई बघत होती. त्यामुळे बायकोच्या बचत गटाने सांगलीच्या एका वृद्धाश्रमाला दान देण्यासाठी वाकळा शिवायला घेतल्या, आणि काठाला पट्टी लावणं, सुटे दोरे कापणं, घड्या घालणं हे शेवटचं काम आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, करायचं ठरलं, तेव्हा देखरेखीची जबाबदारी मी घेतली. ती मला कोणी दिली नव्हती, हे खरं आहे.

वाकळ म्हणजे गोधडीच, पण आश्रमाला हवी होती ती नेहमीची नव्हे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांडीवर टाकायची, चाकात न अडकणारी, लहान. मापं बायकोच्या मोबाइलवर आली आणि गटातल्या बायका बुचकळ्यात पडल्या.

"ह्ये तर दुपटं झालं की," एकजण म्हणाली.

"पाय उघडं ऱ्हायल्यावर झोप कशी लागंल त्यास्नी?" दुसरीने विचारलं.

झोपायची नाही, बसायची आहे, असं मी समजावून सांगितलं. बसायलासुद्धा वाकळ लागते हे कुणाला पटलं नाही. पण दान म्हटल्यावर माणूस फार खोलात शिरत नाही. घरोघरच्या जुन्या साड्या आल्या, धोतरं आली, कुणाच्या तरी नवऱ्याच्या लग्नातला सदराही आला. तो नवरा नंतर आमच्या सोप्यात येऊन आपला सदरा तीन वाकळांत विभागलेला बघून गेला.

आई मात्र दान वगैरे काही करत नव्हती. तिची शेजारीण त्या आश्रमात होती. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. आई लग्न होऊन आली तेव्हापासून दोघी मिळून वाकळा शिवायच्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि बोलत बोलत मध्ये भेटायच्या. मग शेजारीण विसरायला लागली. गॅस चालू ठेवून देवळात जायची. पुण्याच्या मुलाने तिला आश्रमात ठेवलं. मुलगा वाईट नाही. घराच्या कुलपावर लक्ष ठेवतो म्हणून दर दिवाळीला आम्हाला मिठाई पाठवतो. आई त्या कुलपाकडे तोंड करून भाजी निवडत बसायची. तिला मैत्रिणीची आठवण यायची, आणि आपल्यालाही ती विसरली असेल या भीतीने तिचा जीव थोडा थोडा व्हायचा.

वाकळांवर कुणाचं नाव घालायचं नाही, अमकी अमकीलाच द्या असंही सांगायचं नाही, असा आश्रमाचा नियम होता. मी तो आईला वाचून दाखवला.

"नाव कशाला पायजे?" आई म्हणाली. "ती कोपरा चाचपती. कळंल तिला."

आमच्याकडे वाकळ पुरी होताना शेवटचा कोपरा शिवण्याआधी तिच्यात भाकरीचा तुकडा घालतात. वाकळीला घास भरवायचा. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं बायका मानतात. या दोघींची त्यातही वाटणी होती. शेजारणीने घास घालायचा, आईने कोपरा शिवायचा. आता गटाच्या सगळ्या वाकळांसाठी आई दोन्ही कामं एकटीच करत होती. भाकरी उन्हात कडकडीत वाळवायची, चिंधीत गुंडाळून आत सरकवायची आणि वरून असे बारीक टाके घालायची की कोपरा कुठे उघडा होता ते दिसू नये.

वाकळा बांधायच्या आधी आश्रमाच्या मॅडमचा निरोप आला. मागे कुठून तरी आलेल्या गोधड्यांमुळे कपाटात मुंग्या झाल्या होत्या. आत खाण्याचं काही नाही याची कृपया खात्री करावी. खात्री हा शब्द वाचला आणि माझ्या अंगात फौज संचारली. मी सगळ्या वाकळा सोप्यात ओळीने मांडल्या आणि किट तपासावं तसे कोपरे दाबत निघालो. प्रत्येकीत भाकरी होती.

"आई, नियम म्हणजे नियम," मी म्हणालो.

"तुज्या फौजेत मानसाला उपाशी धाडत्यात का रं?"

"मुंग्या होतात."

"मुंग्या काय भाकरी बघून येत्यात? साखरंचं कारखानं काय थोडं हायत का हिकडं?"

बायको पट्टी शिवत होती. तिने मान वर केली नाही. "आवं, ऱ्हाऊ द्या की," एवढंच म्हणाली. पण निवृत्तीनंतर प्रथमच मला काम मिळालं होतं, ते मी अर्धवट सोडणार नव्हतो. आईच्या देखत मी एकेक कोपरा उसवला, भाकरी काढून कोंबड्यांना टाकली आणि कोपरा पुन्हा शिवला. शिवण मला येते. फौजेत प्रत्येकाच्या सामानात सुई-दोऱ्याची पिशवी असते, ती अजून माझ्या खिशात असते. टाके मजबूत घातले. आई उठून आत गेली आणि सांगलीला निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण पहिली भाकरी कोंबड्यांपुढे टाकून मग मला.

आश्रमात शेजारीण खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. आई तिच्या समोर जाऊन उभी राहिली. सकाळपासून तिने पदर तीनदा नीट केला होता.

"या, बसा," शेजारीण म्हणाली. "कोणच्या गावचं तुमी?"

आईने गावाचं नाव सांगितलं.

"मी बी तिथलीच," शेजारीण म्हणाली. "पर तुमास्नी कवा बघितलं न्हाई."

आई बसली. तिचा चेहरा मला बघवेना म्हणून मी गठ्ठ्यातली सगळ्यात वरची वाकळ उचलून शेजारणीच्या मांडीवर टाकली. तिने ती उलटसुलट केली, काठावरून बोट फिरवलं आणि कोपरे चाचपायला लागली. एक, दुसरा, तिसरा. चौथ्यावर तिची बोटं थांबली.

"उपाशी हाय ही," ती म्हणाली. "आन टाका बघा, पोत्याचं तोंड शिवल्यागत. माज्या शेजारनीच्या हातचं काम बघाया पायजे तुमी. तिनं आशी उपाशी कवाच धाडली नसती."

हे ती आईलाच सांगत होती. आईने माझ्याकडे बघितलं. हिमालयातली थंडी मी सोसली आहे, पण ती नजर मला सोसली नाही. पाहुण्यांसाठी चहाबरोबर बशीत बिस्किटं ठेवली होती. शेजारणीने एक उचलून त्याचा तुकडा मोडला आणि हात पुढे करून म्हणाली, "सुई हाय का कुनाकडं?"

मी खिशातून पिशवी काढली. सुईत दोरा ओवला, माझेच मजबूत टाके कापले आणि कोपरा उघडून धरला. शेजारणीने बिस्किटाचा तुकडा आत सारला, अगदी खालपर्यंत, आणि वाकळ न बघताच समोर ढकलली. आईने सुई घेतली आणि कोपरा शिवला. टाके बारीक आणि सरळ पडले.

शेजारणीने कोपरा चाचपला. आईचा हात धरून ठेवला आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कवा आलीस गं?" ती म्हणाली. "आन एकलीच काय करत बसली हुतीस इतकं दिस?"

आई तिचा हात दाबत राहिली आणि रडली. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती.

तेवढ्यात मॅडम फोटोसाठी आल्या. "आत खाण्याचं काही नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "खात्री केलीत ना?"

"एकेक कोपरा मी स्वतः उसवून बघितलाय, मॅडम," मी सावधान उभा राहून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या गेल्यावर शेजारणीने बशीत उरलेल्या दोन बिस्किटांकडे आणि मग बाकीच्या गठ्ठ्याकडे बघितलं. "त्या बी उपाशीच आसतील न्हव?" तिने आईला विचारलं. आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी समोरच्या दुकानात जाऊन बिस्किटाचे मोठे पुडे घेऊन आलो आणि पुढची वाकळ उसवायला बसलो.